आमचा कार्डांचा छंद

मनुष्यास कोणता ना कोणता तरी छंद असावा, असें आम्हांस मराठी शिकविणारे गुरुजी नेहमीं म्हणत असत. आम्ही उभयतां पतिपत्नी याच शाळेच्या बांकांवर बसून शिकलों. त्या काळीं वर्गांत कोणी पोस्टाचीं तिकिटें जमवी, कोणी काडेपेट्यांवरील छाप जमवी, तर कोणी नदीकांठचे गोटे दप्तर फाटेपर्यंत भरून आणी. पुढें पोटापाण्याच्या उद्योगानिमित्त आम्ही अमेरिकेंत गेलों व पेन्सिल्व्हानिया संस्थानांतील पिट्सबर्ग या शहरीं स्थायिक झालों. तेथें आमच्या घरांत जो छंद शिरला तो इकडील बालवाचकांस बहुधा अपरिचित असेल. म्हणून या वार्षिकासाठीं कांहीं लिहून पाठवावें अशी सूचना आली, तेव्हां त्या छंदाचीच हकीकत सादर करावी असें आम्हीं ठरविलें. लिहितांना थोडा संकोच वाटतो, हें आधींच सांगून टाकतों. कारण या हकीकतींत आमच्या हातून घडलेल्या एका चुकीचाही समावेश आहे.

हा छंद म्हणजे बेसबॉलचीं कार्डें जमविणें व त्यांची देवाणघेवाण करणें. बेसबॉल हा अमेरिकन लोकांचा जिवाभावाचा खेळ. आपल्या क्रिकेटशीं त्याचें दूरचें नातें आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं. येथेंही एक जण चेंडू फेंकतो व दुसरा तो टोलवितो; परंतु दांडू चपटा नसून मुसळासारखा गोल असतो, चेंडू जमिनीवर टप्पा न घेतां थेट येतो, आणि धांव पुरी करण्यासाठीं खेळाडूस चौकोनाचे चारही कोपरे फिरून आरंभीच्या जागीं परत यावें लागतें. या खेळांत दहा खेपांपैकीं तीन खेपांस ज्याचा टोला सफल होतो, तो उत्तम फलंदाज गणला जातो. सात वेळां अपयश पदरीं घेऊनही ज्यास लोक डोक्यावर घेतात असा हा खेळ आहे. परीक्षेंत एकदां नापास झाल्यानें हताश होणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

या खेळांतील खेळाडूंचीं चित्रें जाड कागदावर छापून त्यांचीं कार्डें करतात. कार्डाची लांबी साडेतीन इंच व रुंदी अडीच इंच. म्हणजे पत्त्यांच्या जोडांतील एखाद्या पानाएवढेंच तें असतें. पुढच्या अंगास खेळाडूचें चित्र, नांव व संघ. मागच्या अंगास त्याची जन्मतारीख, उंची व वर्षावर्षाच्या कामगिरीचे आंकडे. हीं कार्डें बंद पाकिटांतून विकलीं जातात, त्यामुळें आंतून कोण निघेल हें पाकीट फोडीपर्यंत कळत नाहीं. एकच खेळाडू दोनदां तीनदां हातीं येतो आणि हवा असलेला कांहीं केल्या येत नाहीं. मग ज्याच्यापाशीं तो दुबार असेल त्याच्याकडे जाऊन आपलें दुबार कार्ड द्यावयाचें व त्याचें घ्यावयाचें. छंदाचा खरा रंग या देवाणघेवाणींतच आहे. आणि त्याची खरी कसोटीही त्यांतच आहे.

या कार्डांचा जन्म तंबाखूच्या व्यापारांत झाला, ही गोष्ट मोठी नवलाची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिगारेटच्या पाकिटास ताठपणा यावा व गिऱ्हाइकास मोहही पडावा, म्हणून कारखानदार पाकिटांत असें एखादें चित्र घालीत. पुढें तंबाखूची जागा मुलांच्या च्युइंगगमनें घेतली. १९५२ सालीं टॉप्स नामक कंपनीनें ४०७ कार्डांचा जो मोठा संच काढला, त्यानें आजच्या कार्डांचें रूप बरेंचसें ठरवून टाकलें. १९९० नंतर लवकरच त्या कंपनीच्या पाकिटांतून गमही गेला आणि कार्ड तेवढें उरलें.

आमच्या घरांत हीं कार्डें कशीं आलीं तें आतां सांगतों. २००८ सालच्या नोव्हेंबरांत आमच्या शहराच्या पिट्सबर्ग पायरेट्स या संघानें रिंकू सिंग व दिनेश पटेल या दोन भारतीय तरुणांस करारानें घेतलें. दोघेही उत्तर प्रदेशांतील, दोघेही भालाफेक करणारे. बेसबॉल त्यांनीं पूर्वीं हातींही धरला नव्हता. भारतांत भरविलेल्या चेंडूफेकीच्या एका स्पर्धेंतून त्यांची निवड झाली होती. पुढच्या वर्षीं ते या संघाच्या कनिष्ठ चमूंतून खेळले. आपल्या देशाचीं दोन मुलें आपल्याच शहराच्या संघांत आलीं, या आनंदानें आम्ही बेसबॉलच्या वार्ता वाचूं लागलों; आणि सहा वर्षांच्या आमच्या मुलास कोणीतरी कार्डांचें एक पाकीट भेट दिलें. तेथून हा संसार वाढत गेला. एका पानावर नऊ खण असलेल्या पारदर्शक पिशव्यांच्या मोठमोठ्या वह्या आल्या, जेवणाचें मेज रविवारीं संध्याकाळीं बाजारपेठ बनूं लागलें, आणि पुढें मुलाच्या पाठची आमची मुलगीही त्या बाजारांत आपलें दुकान मांडून बसूं लागली. तिचा नियम सोपा होता: ज्याच्या चेहऱ्यावर हंसूं असेल तो खेळाडू चांगला.

२०१५ सालच्या मे महिन्यांत आजोबा सांगलीहून सहा महिन्यांसाठीं आमच्याकडे आले. त्यांचें आयुष्य एका पतपेढींत हिशेब लिहिण्यांत गेलें होतें. खेळाची त्यांस फारशी आवड नव्हती, पण मेजावर पसरलेलीं कार्डें पाहतांच ते खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "अरे, हे तर आमचे काडेपेटीचे छाप! आम्हीही असेच बदलून घेत असूं. एका जहाजाला दोन घोडे!" मग त्यांनीं चष्मा पुसला, एक कार्ड उलटें केलें आणि मागील आंकडे वाचावयास आरंभ केला. पुढील बाजूच्या चित्राकडे त्यांनीं पाहिलेंही नाहीं.

त्या दिवसापासून आजोबा कार्डांच्या मागच्या अंगाचे रसिक झाले. फलंदाजाची सरासरी कशी काढतात तें मुलानें त्यांस सांगितलें: यशस्वी टोल्यांच्या संख्येस एकंदर खेपांच्या संख्येनें भागावयाचें व तीन दशांश स्थळांपर्यंत उत्तर काढावयाचें. आजोबांचा छापील आंकड्यावर विश्वास नव्हता. ते प्रत्येक भागाकार हातानें करून पाहत आणि नातवासही करावयास लावीत. रॉबर्टो क्लेमेंटे या खेळाडूचे सगळ्या कारकीर्दींतील टोले ३,००० आणि खेपा ९,४५४. या भागाकारास आमच्या मुलास पाव तास लागला आणि उत्तर .३१७ आलें. "छापणाऱ्याचें बरोबर आहे," असा निर्वाळा आजोबांनीं दिला, तेव्हां जणूं त्या कंपनीचीच तपासणी पुरी झाली. शाळेंत ज्या मुलास दशांश अपूर्णांकांचा कंटाळा येई, तो घरीं आपण होऊन भागाकार मांडूं लागला.

आजोबांनीं येतांना बरोबर लाल पुठ्ठ्याची एक वही आणली होती. तींत त्यांनीं आमच्या बाजारपेठेचा हिशेब घातला. पानाच्या माथ्यावर श्री, आणि खालीं पांच रकाने: तारीख, कोणाशीं, दिलें, घेतलें. हे चार रकाने आम्हांस समजले. पांचव्या रकान्याच्या डोक्यावर त्यांनीं लिहिलें होतें, "उभयतां संतोष." याचा अर्थ काय, म्हणून मुलीनें विचारलें. आजोबा म्हणाले, "देणारा आणि घेणारा दोघेही समाधानानें घरीं गेले, म्हणजे या रकान्यांत 'झाला' असें लिहावयाचें. तोंपर्यंत व्यवहार पुरा झाला असें समजावयाचें नाहीं." आम्हां मोठ्यांस हें थोडें गमतीचें वाटलें, परंतु मुलांनीं तें मनावर घेतलें, आणि दर रविवारीं त्या रकान्यांत एकाखालीं एक 'झाला' पडूं लागले.

कार्डांच्या किंमतीचें कोडें मात्र आजोबांस उलगडेना. "कागद तोच, शाई तीच, मग एकाचे दोन पैसे आणि दुसऱ्याचे दोनशें डॉलर कां?" असें ते विचारीत. उत्तरादाखल आम्ही त्यांस वॅग्नरची गोष्ट सांगितली. होनस वॅग्नर हा याच पिट्सबर्गच्या संघाचा जुना, नामांकित खेळाडू. क्रीडांगणाबाहेर त्याचा पुतळा आहे. १९०९ ते १९११ या काळांत सिगारेटच्या पाकिटांतून जीं कार्डें निघालीं, त्यांत त्याचें कार्ड फार थोडें छापलें गेलें. आपल्या चित्राच्या लोभानें मुलांनीं तंबाखू विकत घेऊं नये, म्हणून त्यानेंच तें थांबविलें असें पुष्कळ लोक सांगतात. त्याच्या साठाच्या आसपासच प्रती आज ठाऊक आहेत, म्हणून त्यास एवढें मोल. जुनीं कार्डें दुर्मिळ होण्याचें दुसरें कारण असें कीं, तीं कोणी जपलींच नाहींत. मुलें तीं सायकलच्या चाकाच्या तारांत अडकवून मोटारीसारखा फडफड आवाज काढीत, आणि मुलें मोठीं झालीं कीं आया तीं केरांत टाकीत. १९५२ च्या संचांतील न खपलेलीं कार्डें तर टॉप्स कंपनीनें १९६० सालीं नावेंत घालून समुद्रांत बुडविलीं. याच्या उलट, जुन्या कार्डांस भाव आला असें पाहून १९८० नंतर लोक नवीं कार्डें ठेव म्हणून सांठवूं लागले, कंपन्यांनीं तीं अमाप छापलीं, आणि पेट्याच्या पेट्या जपून ठेवणाऱ्यांच्या हातीं शेवटीं रद्दीच राहिली. हें ऐकून आजोबा म्हणाले, "म्हणजे जें प्रेमानें वापरून झिजलें त्याला किंमत आली, आणि जें किंमतीसाठीं जपलें त्याची माती झाली!"

आतां आमच्या चुकीची गोष्ट.

आमच्या शेजारीं एक कुटुंब राहत असे. त्यांतील आठ वर्षांचा मुलगा आमच्या मुलीच्या वर्गांत होता. ऑगस्ट महिन्यांतील एका संध्याकाळीं आमचा मुलगा पायऱ्यांवरून धांवतच घरांत आला. त्याच्या हातांत १९६९ सालचें, रॉबर्टो क्लेमेंटेचें कार्ड होतें. कोपरे झिजून गोल झालेले, मधून एक घडी पडलेली, आणि छापलेल्या नांवावर निळ्या शाईची रेघ. शेजारच्या लहानग्यानें तें खेळावयास बाहेर आणलें होतें. "शाईनें बिघडलेलें कार्ड कोणी घेत नाहीं," असें आमच्या चिरंजीवांनीं त्यास सांगितलें आणि त्याच्या हातावर नवींकोरीं, चकचकीत सहा कार्डें ठेवलीं. शाई पडली असली तरी त्या एका कार्डाची किंमत सहांच्या कितीतरी पट आहे, हें आमच्या बारा वर्षांच्या मुलास पुरतें ठाऊक होतें.

वाचकहो, या वेळीं आम्हीं काय केलें? आम्ही हंसलों. रात्रीं जेवतांना ती हकीकत त्यास पुन्हां सांगावयास लावली. "पोरगा व्यवहाराला पक्का निघाला," असे शब्दही आमच्यापैकीं एकाच्या तोंडून निघाले आणि दुसऱ्यानें त्यास मान डोलाविली. परदेशांत आपलीं मुलें कोठें मागें पडतील ही भीति आईबापांच्या मनांत सदैव असते. त्या भीतीस त्या रात्रीं मुलाच्या चतुराईचें मोठें सुख वाटलें. आजोबा कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं ताक संपविलें, हात धुतले आणि वही उघडून चार रकाने भरले. मग लेखणीस टोपण घातलें.

"आजोबा, पांचवा राहिला," मुलगा म्हणाला.

"काय लिहूं?"

"झाला म्हणून लिहा. तो तर उड्या मारीत घरीं गेला!"

"तो उड्या मारीत गेला हें खरें, बाळ. पण तुला जें ठाऊक होतें तें त्याला ठाऊक असतें, तर तो तसा गेला असता का?"

मुलगा गप्प बसला. आम्हीही गप्प बसलों. कोणाच्या अज्ञानावर उभारलेला संतोष हा संतोष नव्हे, एवढी साधी गोष्ट आम्हां शिकल्यासवरल्या माणसांच्या ध्यानांत आली नव्हती. आजोबांनीं आम्हांस उद्देशून एक अक्षरही काढलें नाहीं, आणि त्यामुळेंच तें आम्हांस अधिक लागलें.

तीन दिवस तो रकाना कोराच राहिला. मुलानें तें कार्ड वहींत घातलें, मग बाहेर काढलें, मग पुस्तकाखालीं ठेवलें. चौथ्या दिवशीं सकाळीं त्यानें आजोबांस विचारलें, "हा रकाना रिकामाच ठेवला तर चालेल का?" आजोबा म्हणाले, "वहीला चालेल. वही कागदाची आहे." थोड्या वेळानें मुलगा पायांत जोडे घालून बाहेर पडला. आम्हां उभयतांस राहवेना. आम्हीही त्याच्या मागोमाग शेजाऱ्यांच्या दारीं गेलों, कारण या व्यवहारांत आमचाही वांटा होता.

तेथें निराळीच गोष्ट उघडकीस आली. तें कार्ड त्या लहान मुलाचें नव्हतेंच. त्यानें तें न विचारतां आपल्या आजोबांच्या पेटींतून काढलें होतें. कार्ड परत आलेलें पाहून तो दाराआड लपला. त्याचे आजोबा बाहेर आले, दोन्ही मुलांस समोर बसविलें आणि आमच्या मुलाचें बोलणें शेवटपर्यंत ऐकून घेतलें. आम्हीं आमचाही अपराध सांगितला. ते रागावले नाहींत. परंतु 'कांहीं हरकत नाहीं' असेंही म्हणाले नाहींत. त्यांनीं तें कार्ड बोटांत धरून निळ्या रेघेवर अंगठा फिरविला आणि ती शाई तेथें कशी आली तें सांगितलें.

रॉबर्टो क्लेमेंटे हा कॅरिबियन समुद्रांतील पोर्टो रिको बेटावर १९३४ सालीं जन्मला. १९५५ पासून १९७२ पर्यंत अठरा वर्षें तो पिट्सबर्गकडूनच खेळला. त्याची भाषा स्पॅनिश, वर्ण सांवळा, उच्चार परके. वर्तमानपत्रें त्याच्या बोलण्याची थट्टा करीत. त्याचें नांव रॉबर्टो; पण १९५७ पासून १९६९ पर्यंत टॉप्स कंपनी त्याच्या कार्डावर 'बॉब' असेंच छापी, कारण तें अमेरिकन कानांस सोयीचें वाटे. त्यास स्वतःस तें आवडत नसे. १९६९ सालीं शेजारचे हे आजोबा अकरा वर्षांचे होते. त्यांच्या वडिलांचें पोलिश आडनांव पोलादाच्या कारखान्यांतील हजेरीपटावर अर्धें तोडून लिहिलें जाई. मुलाच्या हातांतील कार्ड पाहून ते म्हणाले होते, "माणसाचें नांव त्याच्या आईनें हांक मारली तसें लिहावें." मुलानें दौत आणून 'बॉब' वर रेघ ओढली आणि वर 'रॉबर्टो' असें लिहिलें. पुढच्या वर्षीं कंपनीनेंही रॉबर्टो असें छापावयास आरंभ केला. "पण आमच्या घरीं तें एक वर्ष आधींच दुरुस्त झालें होतें," असें म्हणून ते हंसले.

पुढची गोष्टही त्यांनींच सांगितली. १९७२ सालच्या ३० सप्टेंबरला क्लेमेंटेनें आपला तीनहजारावा टोला मारला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत निकाराग्वा देशाची राजधानी मनाग्वा भूकंपानें उद्ध्वस्त झाली. पाठविलेली मदत गरजूंपर्यंत पोहोंचत नाहीं असें कळल्यावरून क्लेमेंटे ३१ डिसेंबरला सामानानें भरलेल्या विमानांतून स्वतः निघाला. तें विमान समुद्रांत कोसळलें. त्याचा देह हातीं लागला नाहीं. हें ऐकतांना आमच्या मुलाची मान खालीं गेली होती. ज्या भागाकाराचें उत्तर त्यानें पाव तास खपून काढलें होतें, त्यांतील ३,००० या पूर्ण संख्येचा अर्थ त्यास त्या दिवशीं कळला. तो आंकडा पुढें वाढावयाचा होता. वाढावयास माणूसच राहिला नाहीं.

सहा चकचकीत कार्डें परत आलीं. जुनें कार्ड पेटींत गेलें. तें त्यांनीं आमच्या मुलास बक्षीस दिलें असतें तर ही गोष्ट कथेच्या पुस्तकांत शोभली असती. परंतु त्यांनीं तें दिलें नाहीं, आणि देणें योग्यही नव्हतें. मुलगा घरीं येऊन आजोबांसमोर उभा राहिला.

"आतां लिहूं का 'झाला' म्हणून?" आजोबांनीं विचारलें.

मुलाच्या डोळ्यांत पाणी आलें. "नको, आजोबा. त्यांचा झाला, माझा नाहीं झाला. मला तें कार्ड अजून हवें आहे."

आजोबांनीं त्यास जवळ घेतलें. "हें खरें बोललास. मग राहूं दे कोरा. ज्या दिवशीं होईल त्या दिवशीं तुझ्या हातानें लिही." आणि चौथ्या रकान्यापुढें त्यांनीं एवढेंच टिपलें: "परत केलें."

त्या रात्रीं आमच्या मुलीनें आजोबांकडून आपलें नांव देवनागरींत लिहून घेतलें. शाळेंत तिच्या चार अक्षरी नांवांतील दोनच अक्षरें वापरांत होतीं आणि तिनें त्याबद्दल कधीं तक्रार केली नव्हती. दुसऱ्या दिवशीं तिनें आपल्या सर्व वह्यांवर नांव पुरें लिहिलें. आम्हीं तिला तसें सांगितलें नव्हतें.

या प्रसंगानें शेजार तुटला नाहीं. दोन्ही घरच्या आजोबांची मात्र मैत्री जमली. पिट्सबर्गचें जुनें क्रीडांगण, फोर्ब्स फील्ड, आज राहिलेलें नाहीं. त्याच्या भिंतीचा एक भाग विद्यापीठाजवळ उभा आहे. १९६० सालीं १३ ऑक्टोबरला तेथें बिल मॅझरोस्की या खेळाडूनें अखेरच्या क्षणीं चेंडू भिंतीपार टोलवून आपल्या संघास जगज्जेतेपद मिळवून दिलें. त्या तिथीस लोक अजून त्या भिंतीपाशीं जमतात आणि त्या सामन्याचें जुनें रेडिओवरील वर्णन आरंभापासून अखेरपर्यंत ऐकतात. २०१५ च्या १३ ऑक्टोबरला मुलें शाळेंत असतांना हे दोघे आजोबा घडीच्या खुर्च्या घेऊन तेथें गेले. एकास बेसबॉल धड कळत नव्हता व दुसऱ्यास मराठीचा गंध नव्हता. तरी दोघे मोठ्या समाधानानें परत आले. आमच्या आजोबांनीं वहींत तारीख घातली, 'दिलें' आणि 'घेतलें' हे रकाने मोकळे सोडले, आणि पांचव्यांत 'झाला' असें लिहिलें. त्याच महिन्याच्या अखेरीस ते सांगलीस परतले. २०१९ सालीं त्यांचा अंत झाला. लाल वही त्यांनीं आमच्याकडेच ठेवली होती.

छंद कोठवर जाऊं शकतो याचा एक दाखला येथें दिल्यावांचून राहवत नाहीं. न्यूयॉर्क संस्थानांतील सिराक्यूज गांवीं जेफरसन बर्डिक नांवाचे एक कामगार गृहस्थ होते. संधिवातानें त्यांचे हात वांकडे झाले होते, उत्पन्न बेताचेंच. त्यांनीं आयुष्यभर हीं व असलीं छापील कार्डें जमविलीं, त्यांची यादी करून पुस्तकरूपानें छापली, आणि १९४७ पासून आपला सारा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन वस्तुसंग्रहालयास देऊन टाकला. त्यांत तीन लाखांहून अधिक चित्रें आहेत. पैकीं बेसबॉलचीं कार्डें तीस हजारांवर भरतात. तीं सर्व वह्यांत चिकटविण्याचें काम त्यांनीं त्या दुखऱ्या हातांनीं स्वतः केलें. १९६३ च्या जानेवारींत तें पुरें झालें आणि मार्चांत ते वारले. आज त्यांतील कार्डांचें मोल किती झालें असतें याचा विचार मनांत येतो. परंतु बर्डिक यांच्या हिशेबांत पांचवा रकाना सर्वांत मोठा असला पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

२०२२ सालच्या ऑगस्टांत वॅग्नरचें एक कार्ड ७२ लाख ५० हजार डॉलरांस विकलें गेलें, आणि त्याच महिन्यांत १९५२ च्या संचांतील मिकी मँटलच्या एका कार्डास १ कोटी २६ लाख डॉलर आले. सर्व वर्तमानपत्रांत तीच चर्चा होती. त्याच दिवसांत आमचा मुलगा महाविद्यालयांत जाण्यासाठीं सामान बांधीत होता. आपल्या कार्डांच्या वह्या त्यानें बहिणीच्या स्वाधीन केल्या. नंतर आम्हीं पाहिलें, तों लाल वही मेजावर उघडी होती. २०१५ च्या ऑगस्टमधील त्या ओळीपुढें, सात वर्षें कोऱ्या राहिलेल्या रकान्यांत, आजोबांनींच शिकविलेल्या वेड्यावांकड्या मराठी अक्षरांत लिहिलें होतें, "झाला."

तो केव्हां झाला, कशानें झाला, हें आम्हीं त्यास विचारलें नाहीं.

बालमित्रांनो, तुम्हांपैकीं कोणी तिकिटें जमवीत असाल, कोणी नाणीं, कोणी क्रिकेटच्या खेळाडूंचीं चित्रें. अवश्य जमवा, मधल्या सुट्टींत त्यांची अदलाबदलही करा. परंतु वही आंखतांना एक रकाना अधिक आंखा. आणि आईबापहो, तुम्हांस आमची एवढीच विनंती कीं, मुलगा बाजारांतून जिंकून आला म्हणून हंसण्यापूर्वीं, दुसऱ्याच्या घरीं काय गेलें तें त्यास एकदां विचारून घ्या. आमच्या घरीं तो प्रश्न आजोबांनीं विचारला. तो आम्हीं विचारावयास हवा होता.